घरमालकांचा कीबोर्ड

आमच्या चंडीगडच्या घरमालकांच्या घरात एकही वस्तू धड चालत नव्हती, आणि त्यांना त्याचा अभिमान होता. अभिमान बिघाडाचा नव्हे, बिघाड नेमका किती आहे हे ठाऊक असण्याचा. दिवाणखान्यातलं घड्याळ पुढे होतं. त्याखाली पांढऱ्या चिकटपट्टीवर बारीक, सरळ अक्षरात लिहिलं होतं, ‘४ मिनिटे वजा’. फ्रीजवर ‘दाखवतो ५, असतो ८’. फाटकाच्या घंटीखाली ‘पहिला दाब वाया जातो’. आम्ही वरच्या मजल्यावर राहायचो. आमच्या जिन्याच्या एका पायरीवर ‘ही पायरी पाऊण इंच उंच’ अशी पट्टी होती, आणि ती वाचायला वाकल्यामुळेच माझी बायको पहिल्या दिवशी धडपडली.

ते सेक्टर तीसमधल्या सरकारी प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले. मूळचे नागपूरचे, पण सगळं आयुष्य इथे गेलेलं. कामाचं स्वरूप एकच. मोजमापाची यंत्रं तपासायची, प्रत्येक यंत्र किती चुकतं ते काढायचं आणि तेवढ्या चुकीचं प्रमाणपत्र देऊन परत पाठवायचं. दुरुस्ती हे त्यांचं खातं नव्हतं. “चुकणारं यंत्र वाईट नसतं,” ते म्हणायचे. “ज्याची चूक माहीत नाही ते यंत्र वाईट.”

मी लष्कराच्या हिशेबतपासणीत. पुण्याहून बदली होऊन आलो, रोज चंडीमंदिरच्या छावणीत जायचो. चुकलेला आकडा दिसला की तो दुरुस्त करून घेतल्याशिवाय मला पुढचं पान उलटता येत नाही. अशा माणसाने अशा माणसाच्या घरात भाड्याने राहू नये. पण मराठी घरमालक मिळाला म्हणून आम्ही दोघं इतके खूश झालो होतो, की बाकी चौकशी केलीच नाही.

त्यांना मी काका म्हणायचो. ते मला ऑडिटसाहेब म्हणायचे, आणि त्यात आदर किती नि टोमणा किती याची पट्टी मात्र कुठे लावलेली नव्हती.

गेल्या गेल्याच मी एक उपकार करायला गेलो. ते बाहेर गेलेले असताना खुर्चीवर चढून घड्याळ चार मिनिटं मागे घेतलं आणि समाधानाने वर आलो. संध्याकाळी जिन्यातून हाक आली.

“ऑडिटसाहेब! घड्याळ कोणी बिघडवलं?”

“बिघडवलं नाही काका, बरोबर केलं.”

“म्हणजे बिघडवलंच ना! इतकी वर्षं मी चार वजा करून राहिलो. आज वजा केले नि बँकेच्या दारात चार मिनिटं उशिरा पोचलो. त्या माणसाने तोंडावर शटर ओढलं. आता घड्याळ बरोबर, पट्टी खोटी, नि माझं डोकंही खोटं. एका फटक्यात तीन वस्तू बिघडवल्या तुम्ही.”

मला पुन्हा खुर्चीवर चढून ते घड्याळ चुकीचं करावं लागलं. ते खाली मनगटी घड्याळ धरून उभे. “थोडं अजून. नाही, साडेतीनच झाले. पूर्ण चार करा.” खाली उतरल्यावर त्यांनी मला चहा दिला. साखर जास्त होती. डब्यावर तसं लिहिलेलं होतं.

माझी मुलगी, जी घरात आमचं मराठी ऐकते आणि उत्तर हिंदीत देते, म्हणायची, “बाबा, अंकल आज गेट पे कुछ चिपका रहे हैं. आप देख लो, नहीं तो फिर डाँट खाओगे.”

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. जानेवारीत धुकं पडलं की ते सकाळी शाल गुंडाळून फाटकात उभे राहायचे. धुकं दाट आहे की विरळ, असं ते बोलत नसत. रस्त्याकडेची किती झाडं दिसतात ते मोजत. मी गाडी काढली की सांगायचे, “आज दोनच झाडं. पंचकुलाच्या बाजूने जाऊ नका, सावकाश जा.” आणि ज्या दिवशी ते ‘दोन’ म्हणाले त्या दिवशी पुढे हमखास कुठेतरी गाड्या एकमेकींवर आदळलेल्या असायच्या. त्यामुळे माणूस निकामी आहे असं म्हणून मोकळं होता येत नव्हतं, हाच खरा त्रास होता.

आता त्यांच्या लॅपटॉपबद्दल.

काकू गेलेल्या. एकुलता एक मुलगा कॅनडात. फोनवर काकांचा विश्वास नव्हता. “बोललेलं परत तपासता येत नाही,” असं म्हणून ते मुलाचा फोन खुशाली सांगून झाली की ठेवून द्यायचे. जे काय सांगायचं ते मेलमधून. त्यासाठी एक जुना, विटेसारखा जड लॅपटॉप होता. त्याची कंट्रोलची कळ बिघडली होती. हात न लावता, तिच्या मनाला येईल तेव्हा ती आपोआप दाबली जायची. आणि ती तशी दाबलेली असताना एंटर मारला, की त्यांच्या मेलच्या व्यवस्थेत लिहिलेलं असेल तेवढं पत्र तिथल्या तिथे रवाना व्हायचं.

बरं, दुसरा एखादा माणूस एंटर मारणार परिच्छेद संपल्यावर. काका टाइपरायटरवर शिकलेले. ते प्रत्येक ओळ संपली की एंटर मारायचे. म्हणजे मेल कुठल्याही ओळीला, वाक्याच्या मधोमध, कॅनडाला निघून जाणार.

हे मला कळलं ते मुलाच्या फोनमुळे. तो चंडीगडमध्येच वाढलेला. मराठी सगळं कळतं, बोलताना हिंदी येतं.

“अंकल, नमस्ते. बाबा ठीक हैं ना? सच बताइए.”

“अगदी ठीक आहेत. का?”

“उनका मेल आया है. पूरा मेल इतना ही है.” आणि त्याने वाचून दाखवलं, “ ‘काल मी गॅस चालू ठेवून बाहेर’. बस. इसके आगे कुछ नहीं.”

मी खाली जाऊन विचारलं. काका शांतपणे म्हणाले, पुढची ओळ होती, ‘गेलेल्या वरच्या बाईंना फाटकातून परत बोलावलं’. ती वरची बाई म्हणजे माझी बायको.

“कुकर होता!” बायको म्हणाली. “मी कोथिंबीर आणायला कोपऱ्यापर्यंत गेले होते. हे कॅनडाला कळवायची काय गरज?”

मुलाला मी खुलासा केला. पण त्याच्याकडे अशा मेल साठल्या होत्या. ‘आज सकाळी मला माझंच नाव’ अशी एक. पुढची ओळ ‘मतदारयादीत दोनदा सापडलं’. कधी एकच सुरुवात तीनदा आलेली, कारण मेल गेली की काका पुन्हा पहिल्यापासून लिहायचे. हे सगळं लांबून एकत्र वाचणाऱ्या माणसाला काय वाटेल? त्याला वाटलं, वडिलांचं डोकं काम देईनासं झालंय. अर्ध्यावर विसरतात.

मी म्हणालो, “अरे, कीबोर्ड खराब आहे.”

“तो बदलवा क्यों नहीं लेते? अंकल, इतनी सी बात उनको सूझ नहीं रही, यही तो मेरी चिंता है.”

मग त्याने सांगितलं. घर विकायचं त्याच्या मनात होतं. एका प्रॉपर्टी डीलरशी बोलणंही झालं होतं. वडिलांना तिकडे घेऊन जायचं. “वहाँ कम से कम नज़र के सामने तो रहेंगे.”

काकांना हे माहीत होतं. फाटकापासून मागच्या लिंबापर्यंत जिथे प्रत्येक गोष्टीची चूक त्यांना तोंडपाठ होती, ते घर सोडून परक्या देशात मुलाच्या तळघरातल्या खोलीत राहायचं, या कल्पनेने ते चांगलेच हादरले होते. तसं एकदाच बोलले. “तिथे कोणत्याच वस्तूची चूक मला माहीत नाही. मी आंधळाच होईन ना तिथे.”

“मग काका, कीबोर्ड बदला!”

“काहून बदलू? मी मेलच्या शेवटी टीप देऊन राहिलो ना.”

त्यांनी दाखवलं. प्रत्येक मेलच्या शेवटी ते लिहायचे : ‘टीप : कंट्रोल कळ सदोष. मजकूर अपुरा पोचण्याचा संभव.’

“पण काका, मेल शेवटापर्यंत पोचतच नाही! टीप पोचणार कशी? टीप आधी लिहा.”

“मोजमाप आधी, शुद्धी नंतर. आधी चूक सांगून मग मोजतं का कोणी?”

मी कपाळावर हात मारून घेतला. हा वाक्प्रचार म्हणून लिहीत नाही, खरंच मारून घेतला.

पहिला उपाय म्हणून मी बाहेरून जोडायचा कीबोर्ड आणला. तो जोडला, पण आतला सदोष कीबोर्ड जिवंतच राहिला. आपण नव्यावर लिहितोय आणि जुना आपला मधूनच कंट्रोल दाबतोय. काकांनी नव्या कीबोर्डावर पट्टी लावली, ‘उपयोग नाही’.

शेवटी एका शनिवारी मी लॅपटॉप काखोटीला मारला आणि काकांसकट सेक्टर बावीसच्या बाजारात गेलो. दुकानदार मिशीवर हात फिरवत म्हणाला, “सर जी, ये तो म्यूज़ियम का पीस है. इसका कीबोर्ड अब नहीं आता. नया लैपटॉप ले लो, पक्का बोल रहा हूँ.”

“आप नहीं समझे,” काका त्याला म्हणाले. “मुझे बदलना नहीं है. मुझे बस ये जानना है कि कितनी बार दबता है.”

“कौन दबता है जी?”

मी काकांना बाहेर उसाच्या रसाच्या गाडीपाशी उभं केलं आणि दुकानदाराला सरळ सांगितलं, की बाबा रे, कुठूनही मिळव. त्याने भंगारात पडलेल्या तशाच एका लॅपटॉपचा कीबोर्ड शोधून काढला, आणि जुना काढून तो बसवला. जुन्याच्या कळांखाली पोळीचा चुरा, बडीशेप आणि एक कापलेलं नख निघालं. नवा चांगला चालला. मी तिथेच बसून प्रत्येक कळ दाबून पाहिली. कंट्रोल निमूट होता.

घरी आल्यावर काकांनी विचारलं, “याची चूक किती?”

“शून्य.”

“शून्य चुकीचं यंत्र नसतं, ऑडिटसाहेब. ती अजून सापडलेली नसते.”

आणि त्यांनी चाचणी सुरू केली. एकेक कळ घेऊन. प्रत्येक कळ गार असताना, गरम असताना, हीटरजवळ, हीटरपासून लांब. तपासणी पुरी होईपर्यंत त्या कीबोर्डावरून कुणालाही काही पाठवायचं नाही, असा त्यांचा जुना नियम. यंत्राला प्रमाणपत्र नाही तर त्याचा आकडा बाहेर जाऊ द्यायचा नाही.

म्हणजे आधी मुलाला अर्धी मेल जायची, आता जाईनाच.

मी विनवण्या केल्या. “काका, एक ओळ लिहा. ‘मी बरा आहे.’ दोन-तीन शब्द.”

“अजून एम, एन तपासून व्हायच्या आहेत.”

मुलाने घाबरून फोन केला. काकांनी त्याला फोनवर सांगितलं, “सध्या मी कळा गरम करून राहिलो. झालं की कळवतो,” आणि फोन ठेवला.

त्यानंतर तो थेट फाटकातच उभा राहिला. खांद्याला बॅग, डोळे तांबारलेले. घंटी एकदाच वाजवली म्हणून ती वाजली नाही. शेवटी मीच गॅलरीतून बघून दार उघडायला गेलो.

त्या संध्याकाळी त्याने मला खाली बोलावून घेतलं. काका आरामखुर्चीत. लॅपटॉप मधल्या टेबलावर, उघडा.

“बाबा, आप अकेले नहीं रह सकते.”

“काहून?”

“आप लैपटॉप की चाबियाँ हीटर पे गरम कर रहे हैं! और पूछते हैं क्यों!”

“हीटरवर नाही. हीटरजवळ. चार वीत अंतरावर.”

मुलगा माझ्याकडे वळला. “अंकल, आप बताइए. आप इनके साथ रहते हैं. इनका दिमाग ठीक है?”

मी स्पष्ट बोलतो, ही माझी जुनी खोड आहे. मी म्हणालो, “तुझे वडील मी आलो त्या दिवशी जितके असह्य होते, तितकेच आजही आहेत. त्यात तसूभर फरक पडलेला नाही. ज्याचं डोकं जातं त्याच्या वागण्यात फरक पडतो. यांचं सगळं जागच्या जागी आहे. विजेचं बिल हे पाहतात, औषध वेळेवर घेतात, माझी बायको गॅसवर काय ठेवून जाते तेही यांना ठाऊक असतं.”

काका मान हलवत होते. ‘असह्य’ त्यांना पटलेलं दिसलं.

मुलगा ओशाळून म्हणाला, “अंकल, बुरा मत मानिए. लेकिन घर बिका तो आपको भी निकलना पड़ेगा. आप तो यही कहेंगे ना.”

हयातभर मी इतरांचे हिशेब तपासले, माझ्या शब्दावर असा संशय कोणी घेतला नव्हता. मी उठलो. निदान काका आता माझी बाजू घेतील म्हणून त्यांच्याकडे पाहिलं.

काका छताकडे बघत होते. “मुद्दा बरोबर आहे,” ते म्हणाले.

“काका!”

“मुद्दा बरोबर आहे, ऑडिटसाहेब. तुमचा यात फायदा आहे. तुमचं म्हणणं हिशेबात धरता येणार नाही.”

मी वर निघून आलो. बायको म्हणाली, “घ्या, अजून बदला कीबोर्ड.”

मुलगा काही दिवस राहिला. वडील त्याच्यापुढे अगदी सुरळीत वागले, पण त्याने त्याचं समाधान होईना. जाताना मला म्हणाला, “मेरे सामने तो संभल के रहेंगे ही. गर्मियों में आऊँगा, तब फ़ैसला करूँगा.” रागावून तरी काय करणार? त्याच्या जागी मी असतो तर मीही असंच म्हणालो असतो.

तो गेल्यानंतरच्या आठवड्यात काका आम्ही राहायला आल्यापासून पहिल्यांदाच आमच्या जिन्याने वर आले. चहा नको म्हणाले. उभ्याउभ्याच म्हणाले, “तुम्हाला जागा सोडावी लागेल. मुलीची परीक्षा झाली की लगेच.”

मला आधी कळलंच नाही. “घर विकताय?”

“नाही.”

“मग? आमचं काय चुकलं?”

“काही नाही. उत्तम भाडेकरू आहात.”

“मग कारण काय?”

“आत्ता सांगता येत नाही. सांगितलं तर बिघडेल.”

यापलीकडे एक अक्षर नाही. ज्या माणसासाठी मी शनिवार घालवले, ज्याच्या मुलाच्या शंका ऐकून घेतल्या, तो माणूस मला कारण न सांगता बाहेर काढत होता. बायको दोन दिवस खालच्या दिशेने भांडी आपटत होती. मुलगी म्हणाली, “अंकल सच में पागल हो गए क्या?” आणि खरं सांगतो, तेव्हा क्षणभर मलाही तसं वाटलं.

एप्रिलमध्ये आम्ही जिरकपूरला एका फ्लॅटमध्ये गेलो. ट्रक निघाला तेव्हा काका फाटकात उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. नव्या जागेत सगळं ठीक होतं. घड्याळ बरोबर, घंटी पहिल्या दाबाला वाजणारी, पायऱ्या एकसारख्या. चंडीमंदिर तेवढं लांब पडलं.

मेच्या सुरुवातीला, रविवारी सकाळी मी पंख्याची पाती पुसत होतो. मोबाइल वाजला. कॅनडा.

“अंकल, नमस्ते. डिस्टर्ब तो नहीं किया?”

“बोल,” मी कोरडेपणाने म्हणालो.

“बाबा का मेल आया है. पूरा. नीचे तक. लिखा है कि कीबोर्ड ठीक है, जाँच लिया.” तो थांबला. “आपके बारे में भी लिखा है. पढ़ूँ?”

“वाच.”

तो चाचरत, एकेक शब्द सोडवत मराठीत वाचू लागला. “ ‘माझ्या डोक्याविषयी तुला काय विचारायचं ते ऑडिटसाहेबांना विचार. ते आता आपले भाडेकरू नाहीत. घर राहिलं काय नि विकलं काय, त्यांचा एक पैशाचा फायदा नाही. उलट मी त्यांना विनाकारण घराबाहेर काढलं, त्यामुळे ते माझ्यावर रागावलेले असणार. त्यांच्याइतका मला जवळून बघितलेला नि तरीही माझ्या बाजूचा नसलेला दुसरा माणूस माझ्याकडे नाही. हे त्यांना आधी सांगितलं असतं तर ते रागावले नसते, आणि त्यांचं म्हणणं पुन्हा धरता आलं नसतं.’ ”

मी फडकं हातात धरून तसाच स्टुलावर उभा होतो. खाली बायको खुणेने विचारत होती, कोण आहे म्हणून.

माझं घर गेलं होतं. मुलीची शाळा लांब झाली होती, बायकोला रोजची भाजीवाली नव्याने शोधावी लागली होती. आणि हे सगळं कशासाठी, तर माझ्या एका वाक्याला वजन यावं म्हणून. मला इतका संताप आला की फडकं मी खाली भिरकावलं.

“अंकल? सुन रहे हैं?” मुलाचा आवाज खाली आला होता. “तो मैं पूछ रहा हूँ. बाबा ठीक हैं?”

“तुझ्या वडिलांचं डोकं माझ्यापेक्षा आणि तुझ्यापेक्षा ठणठणीत आहे,” मी म्हणालो. “त्यांना त्यांच्या घरात राहू दे. आणि हे मी त्यांच्यावर जन्मात कधी चिडलो नसेन इतका चिडलेला असताना सांगतोय, तेव्हा धरायला हरकत नाही.”

पलीकडून तो मराठीत म्हणाला, “धरतो.”